बाबांचा गुडघा आणि माझे दोन रिपोर्ट

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून हे नुसतं लिहायचं म्हणून नाही. चार आठवड्यांपूर्वी बाबांना जिन्यावरून उचलताना पाठीत उसण भरली, तेव्हापासून मी नमस्कार न करताही वाकलेलाच असतो.) तुझी तब्येत बरी असेल, भाऊजींचं घोरणं पूर्वीइतकंच दमदार असेल, आणि भाचीच्या डोक्यात अजून प्रयोगशाळेत काम करायचं खूळ असेल तर ते लवकर उतरो. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे, पण तेवढी मजा आणायची कुठून?

विषय बाबांच्या डाव्या गुडघ्याचा. दीड वर्षापूर्वी त्यात धातूचा सांधा बसवला तेव्हा तू आलीच होतीस. सहा-सात महिने बाबा झकास चालले, मग दुखायला लागलं. ताप नाही, लाली नाही, सूज नावापुरती, दुखणं मात्र हटेना. हाडांच्या डॉक्टरांनी सुई घालून गुडघ्यातलं पाणी काढलं आणि तपासायला पाठवलं ते नेमकं आमच्या प्रयोगशाळेत, म्हणजे माझ्याच टेबलावर. मी ते जंतू वाढवायच्या प्लेटवर लावलं, इन्क्युबेटरच्या उबेत ठेवलं, काही उगवलं नाही. दोन महिन्यांनी पुन्हा पाणी, पुन्हा मी, पुन्हा काही नाही. दोन्ही रिपोर्टांवर माझी झोकदार सही. मग आपण सगळे हात धुऊन बाबांच्या मागे लागलो. दुखणं मनाचं आहे, असं मी म्हणालो. तू फोनवरून रोज हजार पावलं चालायला लावलीस (आणि मोजायचं यंत्रही पाठवलंस). बाबा बिचारे गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत दात आवळून फेऱ्या मारत राहिले. एकदा तर त्यांनीच माझी माफी मागितली. "तुला उगाच दोनदा त्रास दिला रे," म्हणाले, आणि त्यानंतर गुडघ्याचं नावच काढलं नाही. खोटं कशाला सांगू ताई, मला हायसं वाटलं.

मग ते जिन्यावरून पडले. मी उचललं, माझी पाठ गेली, आणि त्यांच्या गुडघ्यावर टाचणीएवढं भोक पडून त्यातून पाणी झिरपायला लागलं. डॉक्टरांनी तिसऱ्यांदा नमुना घेतला. मी घरी लाकडाच्या ओंडक्यासारखा पडून असल्यामुळे तो गेला आमच्या जुन्या सहकारी बाईंकडे, ज्यांना आम्ही मागून 'कासव' म्हणतो. (त्यांच्या हातून प्लेट कचऱ्यात जायची म्हणजे प्लेटला स्वतःहून राजीनामा द्यावा लागतो.) अकराव्या दिवशी त्यांना प्लेटवर बारीक ठिपके दिसले. जंतू. माझ्या दोन रिपोर्टांनुसार जे नव्हतेच, ते.

आता हे जंतू काय करतात ते सांगतो, म्हणजे तू मला लगेच दोष देणार नाहीस. आठवडाभर न घासलेल्या बादलीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, तसाच थर ते सांध्याच्या धातूवर धरतात. त्याला बायोफिल्म म्हणतात. स्वतःच तयार केलेल्या चिकट लगद्यात ते हजारोंनी दडी मारून बसतात, अर्धे तर खाणंपिणं जवळजवळ बंद करून सुस्त पडतात. औषध वरच्या थरातच अडतं, सुस्त जंतूंना ते लागूही पडत नाही, आणि सुईने काढलेल्या पाण्यात त्यांच्यातले मोजकेच उतरतात. एवढ्यावर त्यांचं भागत नाही. आपल्याच अंगाच्या सालीचे ते बारीक बारीक फुगे सोडतात, इतके बारीक की आमच्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. कुठल्या फुग्यात विष, कुठल्यात औषधाचे तुकडे करणारा रस, तर कुठला थराला चिकटपणा पुरवणारा. काही फुगे तर नुसते हूल द्यायला. आपल्या शरीराचे शिपाई धावतात फुग्यांवर, औषध खर्ची पडतं फुग्यांवर, आणि मूळ मंडळी आत निवांत. इतकी शिस्त आपल्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी कधी पाहिली नाही.

म्हणून डॉक्टर म्हणतात, नुसत्या गोळ्यांनी हे जायचं नाही. धातूचा सांधा काढायचा, आतलं सगळं खरवडायचं, सहा आठवडे औषधं द्यायची, मग नवा सांधा. नाही केलं तर विष रक्तात उतरेल, आणि मग पाय सोडा, बाबाच हातचे जातील. बाबांना हॉस्पिटलात ठेवून घेतलंय, ऑपरेशनला शुक्रवारची तारीख दिली आहे. आणि बाबा संमतीच्या कागदावर सही करायला तयार नाहीत! जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, डोळ्याला भिंग लावून जो बघतो तो चुकत नाही, ही त्यांची श्रद्धा. डॉक्टरांना त्यांनी शांतपणे सांगितलं, "माझ्या मुलाने दोनदा पाहिलंय. त्याच्या नजरेतून सुटणार नाही. त्या बाईंचंच काहीतरी चुकलं असेल." वर माझे दोन्ही रिपोर्ट घडी घालून खिशात ठेवले आहेत, येईल त्या नर्सला दाखवतात. मी त्यांना बायोफिल्म समजावली, फुगे समजावले, कागदावर चित्रं काढून दाखवली. त्यांनी चित्रांचं कौतुक केलं.

भाऊजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. गुरुवारपर्यंत कसंही करून ये. बाबा तुझं ऐकतात.

ता. क. २. वर जंतूंबद्दल लिहिलं ते सगळं खरं आहे, पण कासवबाईंनी तपासलं तेही त्याच गुडघ्यातलं पाणी होतं. आत धातू असेल तर प्लेट चौदा दिवस ठेवायची, असा आमच्या भिंतीवर कागद लावला आहे. अक्षर माझंच आहे. मी दोन्ही वेळा पाचव्या दिवशी प्लेटा टाकून दिल्या. पहिल्यांदा इन्क्युबेटरमध्ये जागा नव्हती. दुसऱ्यांदा जागा होती. बाबांचंच तर आहे, उगाच कुरकुर करतात, असं वाटलं. परक्या कुणाचं असतं तर ठेवल्या असत्या.

ता. क. ३. हे कळल्याशिवाय ते सही करणार नाहीत. मी तीनदा सांगायला गेलो. काल गेलो तर त्यांनी दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून बाजूला घेतला आणि मला बसायला जागा करून दिली. मी बसलो आणि उठून आलो. तूच सांग त्यांना. मी दाराबाहेर उभा राहीन, आणि त्यांनी हाक मारली तरच आत येईन.