बॉनेटवर आतून लिहिलेलं नाव

भांडुप (पश्चिम),
बुधवार

तीर्थस्वरूप बाबांच्या चरणी जावयाचा साष्टांग दंडवत. आईंना नमस्कार, श्रुतिकाला आशीर्वाद (मेव्हणी तो घेणार नाही, पण रीत आहे). आपला घोटा कसा आहे? सूज उतरली का? भांडुपहून मुलुंडला पत्र धाडणारा माणूस वेडाच म्हणायचा, रिक्षाने गेलो तर पत्राच्या आधी मीच पोचेन. पण फोन आपण उचलत नाही, आणि दारात आलो तेव्हा आपण सेफ्टी डोअरच्या आतून "घरात कोणी नाही" असं सांगितलंत. (स्वतः आपणच सांगितलंत, म्हणून मी विश्वास ठेवला.) इकडे सगळे खुशाल असं लिहायची पद्धत आहे. पण रमा आपल्याकडे असल्यामुळे इकडचे सगळे म्हणजे मी एकटा, आणि मी मुळीच खुशाल नाही.

त्या दिवशी काय झालं ते आपल्याला नीट समजावं म्हणून गाडीपासून सुरुवात करतो. आपण तिला खेळणं म्हणालात. म्हणा. पण ही रिमोटवरची ड्रिफ्टची गाडी. हिची चाकं मुद्दामच गुळगुळीत, कडक प्लास्टिकची असतात, म्हणजे ती वळणावर घसरावी. आणि घसरत, आडवी होत, तरीही कुठे न आपटता नेणं हीच त्यातली कला. आपण उभी हयात बस चालवलीत आणि एकदाही आडवी नेली नाहीत, तेव्हा आपल्याला हा प्रकार पटणं अवघड आहे, हे मला मान्य आहे. तर या गाडीची बॉडी पारदर्शक प्लास्टिकची, कोरी मिळते. ती कापायची आणि रंगवायची आपण, आणि तीही आतून, म्हणजे बाहेर कितीही ओरखडे आले तरी रंग शाबूत. त्यामुळे सगळाच कारभार उलटा. वर जे दिसायला हवं ते आधी रंगवायचं, आणि मूळ रंग सगळ्यात शेवटी. आधी बारसं, मग बाळंतपण.

आमच्या लग्नाचा पहिला वाढदिवस जवळ आला होता. साडी आणावी तर रमाला माझी पसंती ठाऊक आहे (ती पाहुण्यांना दाखवून हसते). म्हटलं, यंदा गाडीच्या बॉनेटवर तिचं नाव घालू. पुढे पंधरा दिवस आमच्या गॅलरीत पोपटी रंगाचे फवारे उडत होते. त्यात रमाचे दोन कुर्ते गेले, शेजारच्या सुंदराबाईंचे वाळत घातलेले पापड गेले आणि तुळस गेली. (तुळस मुळात हिरवीच होती, ती नुकसानीत धरू नये.) रमाने हे सगळं सोसलं. पापडांबद्दल सुंदराबाईंची समजूतसुद्धा तिनेच काढली. मी काय करतोय ते तिला माहीत नव्हतं, काहीतरी तिच्यासाठी चाललंय एवढाच तिला वास लागला होता. (रंगाचा वेगळा.)

आता मुख्य गोष्ट. नाव आतून लिहायचं म्हणजे अक्षरं उलटी हवीत, हे न कळण्याइतका मी बावळट नाही. मी स्टिकरच्या कागदात एक ‘र’ कापला, एक ‘मा’ कापला, दोन्ही काळजीपूर्वक उलटे केले आणि आतून चिकटवले. आधी ‘र’, मग ‘मा’, डावीकडून उजवीकडे, जसं शाळेत शिकवलं तसं. अक्षरं उलटी केली, बाबा, पण त्यांचा क्रम उलटा करायचा राहिला. कापलेल्या खिडक्यांतून पांढरा रंग मारला, मग कागद सोलून त्यावर सगळीकडे पोपटी. बाहेरून पाहावं तर बॉडीवर एक पातळ फिल्म असते, ती रंगाने इतकी माखलेली की आतलं काही दिसत नाही. ती सगळ्यात शेवटी सोलायची. म्हणून तर मी सोसायटीचा हॉल घेतला, ड्रिफ्टवाले मित्र बोलावले आणि आपल्याला शाल देऊन पहिल्या रांगेत बसवलं.

माझ्या गाडीवर माझ्या लक्ष्मीचं नाव आहे, असं भाषण ठोकून मी फिल्म ओढली. पोपटी बॉनेट, त्यावर पांढरीशुभ्र, सुबक, वळणदार अक्षरं: मार. मित्रांना वाटलं, ही घोषणाच आहे, आणि ते "मार! मार!" ओरडायला लागले. मी गोंधळलो, रिमोटवर बोट दाबलं गेलं, आणि गाडी आडवी होत सरळ आपल्या घोट्यावर आली. "चल गो रमा, घराक चल," एवढंच आपण म्हणालात. पण रमा जाताना म्हणाली, "वर्षभरात एकदा माझं नाव लिहिलंस, तेही चुकीचं." ते मला फार लागलं, बाबा.

तिच्याशिवाय घर खायला उठतं. डाळ रोज करपते आणि करपली असं सांगायलाही कोणी नाही. मी हा नाद कायमचा सोडलाय, गाडी माळ्यावर टाकलीये. आपण रागावा, हवं तर मला चार शब्द सुनावा, पण तिला पाठवा.

आपला (अजून तरी) जावई,
निलेश

ता. क. रमाला यायला वेळ लागणार असेल, तर निदान तिचा हेअर ड्रायर श्रुतिकाबरोबर पाठवावा. या दमट हवेत नव्या बॉडीवर रंगाचा दुसरा हात वाळत नाहीये. (माळ्यावर टाकली ती जुनी. ही नवी फक्त नाव नीट लिहिण्यापुरती.)

ता. क. २ पाकीट चिकटवणार तोच रमा आली. (आपल्याला सांगून निघाली नसेल तर काळजी नसावी, ती इथे आहे.) तिने उभ्या उभ्या सगळं पत्र वाचलं, ड्रायरसकट. मग नवी बॉडी उचलून खिडकीकडे धरली. त्यावर नाव अगदी बरोबर आहे. "ही नको," म्हणाली. आणि तिने स्टूल घेऊन माळ्यावरची जुनी काढली. म्हणाली, "चुकून का होईना, माझ्या नावाने एवढी माणसं कधी ओरडली नव्हती. शिकव मला." तासाभरात तिने सोफ्याचे दोन पाय सोलले आहेत आणि मला पाय वर घेऊन बसायला सांगितलं आहे.

ता. क. ३ येत्या रविवारी चारकोपला स्पर्धा आहे. गाडी रमा चालवणार आहे. आपण आईंना घेऊन जरूर यावं, पहिल्या रांगेत बसू नये, आणि लोक "मार! मार!" ओरडायला लागले तर रागावू नये. ते आपल्या मुलीलाच हाक मारत असतील.