सिनेमा आधी बघून आलो

प्राची,

सिनेमाची तिकिटं टीव्हीवर ठेवली आहेत. गयाआत्याला घेऊन जा, मी येणार नाही.

कॉमिक तुझ्या हातात देण्याआधी आई शेवटचं पान बघायची, कोणी मरत नाही ना म्हणून. आता ते काम माझं, म्हणून काल एकटाच जाऊन बघून आलो. पैसा पाण्यासारखा ओतलाय. कोणी मरत नाही. तुझा तो उडणारा हीरो जो हाक मारेल त्याच्याकडे वेळेवर पोचतो. मला ते पुन्हा बघवणार नाही. मी मलिहाबादहून हॉस्पिटलात पोचलो तोवर आई गेली होती.

लौकीची सब्जी झाकून ठेवली आहे, जेवून जा. आल्यावर गोष्ट आत्यालाच सांग, मला नको.

पप्पा