शेवटचा ताव राहिलेली घागर

आप्पा, तुमची घागर फुटली. कुणाच्या हातून पडली नाही, कुणी आपटली नाही. दिवाळीच्या साफसफाईला दौंडच्या घरी माळ्यावरून खाली घेतली, चादर सोडली, तर काठापासून पोटापर्यंत तडा गेलेला, नख आत जाईल एवढा.

शिरूरच्या आपल्या दुकानाचं दार तुम्ही भर दुपारी लावून घ्यायचात. उजेडात तापलेल्या पितळेचा रंग कळत नाही म्हणून. तुम्ही भाता मारताय आणि मी अंधारात डोळे ताणून बघतेय. मला अक्षरं तुम्हीच शिकवलीत, शाळेच्या आधी, पत्र्यावर कोळशाने. त्याच वयात हेही काम दिलंत, की डाळिंबाच्या सालीसारखी लाली आली की ‘आता’ म्हणायचं. मी दर वेळी आधीच ओरडायचे. जास्त तापून पांढरा धूर निघाला की पितळ नासते, हे ऐकल्यापासून मला नसलेला धूरही दिसायचा. “अगं, अजून काळीच हाय की,” म्हणून तुम्ही हसायचात. एकदा मात्र चिडलात. “भित्र्याचं भांडं कायम कच्चं ऱ्हातं, बघ.” त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मग तुम्हीच ताटाशी बसून समजावलंत, “ठोकून ठोकून पितळ कडक व्हती, तिच्या अंगात ताण भरतो. ताव दिला की मऊ पडती. न्हाई दिला तर कवातरी आपसूक फुटती, आन् गोठ्याजवळ लवकर. मुताची वाफ तिला सोसत न्हाई.”

या घागरीची ठोकाई तुम्ही संध्याकाळी संपवलीत. ताव सकाळी देऊ म्हणालात. सकाळी तुमच्या छातीत कळ आली आणि दवाखान्यातून तुम्ही परत आला नाहीत.

दुकान गेलं, आम्ही मामांकडे दौंडला आलो. घागर ठेवायला कोरडी जागा एकच होती, शेळ्यांच्या वरचा माळा. मी मामांना तुमचं बोलणं सांगितलं. ते म्हणाले, “शेळ्या काय भांडं फोडत्यात व्हय? शिंगं हायेत त्यांना, पण शिडी न्हाई.” आईसुद्धा त्या दिवसांत पहिल्यांदा हसली, म्हणून मी पुढे बोलले नाही. मोठी झाल्यावर एकदा विटा मांडून भट्टी केली, कोळसाही आणला. आई घागर पोटाशी धरून बसली. “त्यांच्या हाताचे ठोके हायेत यावर. काळी पडंल. नको गं.” ठोके जात नाहीत, काळेपणा चिंचेने निघतो, हे मला ठाऊक होतं. तरी मीही बसून राहिले. कोळसा आंघोळीच्या पाण्याखाली गेला. आम्ही घागर दर दसऱ्याला पुसली, हळदकुंकू वाहिलं आणि परत वर ठेवली.

गेल्या आठवड्यात एसटीने ती शिरूरला नेली. आपल्या जागेत आता मोबाइलचं दुकान आहे. बाजारात फुटकी भांडी डाग देऊन सांधणाऱ्या म्हाताऱ्याने घागर बोटाने वाजवली. आवाज फाटका आला. “ताई, डाग देतो, पण तापताना तडा पळंल. आन् हितं बुजवला तर तिकडं निघंल. ताव त्याच वक्ताला द्याया पायजे व्हता. कुणाची हाय?” मी ‘घरची’ म्हणाले आणि पिशवीत घातली.

मामा मोडीत घाला म्हणतात. आई तड्याला तेल लावते, जखमेला लावावं तसं. मी तिला सांगितलेलं नाही की आता काही होणार नाही. हे पत्रही तिला दिसू नये म्हणून लिहून झालं की चुलीत जाईल.

तुम्हाला मात्र एक सांगते. चादर सोडली आणि तडा दिसला, तेव्हा आई रडायला लागायच्या आधी, एक क्षणभर, मला हायसं वाटलं. आता ती माझ्या हातून नासायची भीती उरली नव्हती.