वासरापुढे फोडलेले नारळ

सोमवार, ५ फेब्रुवारी १९४०. बोरी.
आजपासून रोज लिहायचं. पिंगळीच्या शाळेत मास्तर म्हणायचे, लिंबाजीचं अक्षर तेवढं बरं आहे. त्या अक्षराचं आता सोनं करायचं.
मी सध्या रेवणसिद्धशेठच्या फिरत्या सिनेमाचा पब्लिसिटी मॅनेजर आहे. पडद्याच्या बाजूला उभं राहून पिक्चर समजावून सांगणाराही मीच, कारण पिक्चर विलायती आणि बोरीत इंग्रजी कुणाला येत नाही. मलाही येत नाही. पण आवाज मोठा आहे.
नवं पिक्चर आलंय. त्यात माणूस नाही, सगळी चित्रं. चित्रातलं वासरू टोपी घालतं, नाचतं, चुकलेल्या आईला शोधत फिरतं. बायकालेकरांसकट बघण्यासारखं. शेठ म्हणतात, असलं परभणीतही कुणी पाहिलेलं नाही, आणि पाहिलं असेल तर बोरीत बोलू नको.
बोरी शेठचं स्वतःचं गाव. वडील चन्नप्पा यांचं बाजारात किराणा दुकान. पोरानं तराजू सोडून तंबू धरला तेव्हापासून चन्नप्पाआप्पा त्याच्याशी बोलत नाहीत. तंबू दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पण आप्पांचं पाऊल आत पडलेलं नाही. शेठ आज म्हणाले, "लिंबाजी, हे पिक्चर माझ्याच गावात पडलं तर तंबू गुंडाळतो अन् गप गूळ तोलायला बसतो."
मी म्हणालो, शेठ, बोरी माझ्यावर सोडा.

मंगळवार, ६ फेब्रुवारी.
प्लॅन पक्का. उद्या सकाळी बैलगाडी, गाडीवर वासराचं मोठं चित्र, हातात डफडं. आसपासचं एक गाव सोडायचं नाही. जिंतूरच्या तहसिलीतून इजाजत आलेलीच आहे. आता फक्त माझ्या निघण्याची खोटी.

बुधवार, ७ फेब्रुवारी. संध्याकाळ.
निघालो. वेळेवर निघालो, हे महत्त्वाचं.
पहिल्याच शिवारात हुरडा भाजायलेले लोक भेटले. "बस की पाव्हण्या" म्हणाले. पब्लिसिटीत माणसं जोडावी लागतात, म्हणून बसलो. मग त्यांच्यातल्या एकाचा एडका दुसऱ्याच्या एडक्याशी टक्कर खेळणार होता. तो निकाल लागल्याशिवाय उठणं बरं दिसलं नसतं. निकाल लागेना. दोन्ही एडके गवत खात उभे राहिले. डफडं गाडीतच राहिलं.
परत येताना ओढ्यावर शेठच्या आई, नागूबाई, धुणं धूत होत्या. गाडीवरचं चित्र बघून म्हणाल्या, "कशाचं रे हे वासरू?"
तोंडात हुरडा होता. दिवसभरात काहीच झालं नव्हतं, त्यामुळे एकदम काहीतरी मोठं सांगावंसं वाटलं. म्हणालो, नंदीचं बाळपण आहे, माय.
त्यांनी ओले हात कपाळाला लावले.
फार वाईट बोललो असं नाही. नंदीसुद्धा कधीतरी वासरूच असणार.
शेठनी विचारलं, गावं झाली का? म्हणालो, झाली. जेवण गेलं नाही. हुरडा जड असतो.

गुरुवार, ८ फेब्रुवारी.
पहिला खेळ. तंबूत फक्त थोडी पोरं आणि शाळेचे माणिकराव मास्तर. मास्तर हैदराबादच्या एका साप्ताहिकाला मजकूर पाठवतात, म्हणून त्यांना पुढची खुर्ची दिली. खेळ संपल्यावर अभिप्राय विचारला. म्हणाले, "चित्रं सुरेख आहेत. पण मोठ्या माणसानं हे पाहिलं तर घरी जाऊन काय सांगायचं? लेकराचं खेळणं बघून आलो म्हणून?"
समीक्षकांचं हे असंच असतं.
तरी रात्री शेठचं तोंड बघवेना. आपल्या गावातली माणसं तंबूवरून जाताना मान दुसरीकडे वळवतात, म्हणाले. मी म्हणालो, सोमवार येऊ द्या. का म्हणालो, ठाऊक नाही.
मशीनवरचा बन्सीधर म्हणाला, "लिंब्या, तू खरंच गावं केलीस का रं?" त्याच्या डोळ्यांत बघता आलं नाही, म्हणून मशीनमध्ये बघितलं. तर ते चालू होतं. अजून डोळ्यांपुढे पिवळं दिसतंय.

सोमवार, १२ फेब्रुवारी.
आजचं आधी लिहितो, मग जेवतो.
दिवेलागणीला तंबूपुढे गर्दी. बोरीतली झाडून सगळी वीरशैव घरं, कपाळावर विभूती, हातात बेलाची पानं आणि नारळ. चपला बाहेर. सगळ्यांत पुढे नागूबाई. आणि त्यांच्या मागे, अनवाणी, नारळ हातात धरून चन्नप्पाआप्पा.
शेठ दारात तिकिटांचं बंडल घेऊन उभे होते. आप्पा त्यांच्याजवळ थांबले. म्हणाले, "कुठं बसायचं?"
शेठनी बंडल काखेत मारलं. हातानंच पुढची जागा दाखवली. दोन वर्षांत बापाचा पहिला शब्द.
तिकीट कुणी काढलंच नाही. शेठनी मागितलंही नाही. देवाच्या दर्शनाला तिकीट कोण मागणार आणि कोण देणार?
पिक्चर सुरू झालं. वासरू चिखलात घसरून पडलं तेव्हा मला घाम फुटला. नागूबाई म्हणाल्या, "लेकरूच हाय, खेळणारच." बेडकासोबत नाचलं तेव्हा आप्पासुद्धा हसले. त्यांनी तोंडावर उपरणं धरलं, पण खांदे हलत होते. पडद्यापुढे खोबऱ्याचा ढीग झाला.
शेवटच्या रिळाला नेहमीप्रमाणे भज्यांच्या गाडीवर गेलो. मी ते रीळ अजून पाहिलेलं नाही. वासरू कैलासाला जातं असं आधीच सांगून ठेवतो.
आजवरची सगळ्यात मोठी गर्दी. पब्लिसिटी यशस्वी. मग भजी तशीच का राहिली?

बुधवार, १४ फेब्रुवारी.
काल गर्दी, आज त्याहून जास्त. आजूबाजूच्या खेड्यांतूनही बैलगाड्या आल्या. तिकीट एकाचंही नाही. आप्पा रोज येतात, रोज तीच जागा. काल शेठनी त्यांच्यासाठी घोंगडी अंथरली, आज आप्पांनी घोंगडीवर बाजूला सरकून शेठना जागा करून दिली.
इकडे सकाळी खोबऱ्याची चटणी, दुपारी खोबऱ्याची भाजी, संध्याकाळी नुसतं खोबरं. मशीनला वीज देणाऱ्या इंजिनाचं तेल संपत आलंय. बन्सीधर म्हणाला, "शेठ, इंजनात खोबरं घालू का?" शेठ हसले. ते हसणं बघून मी हातातलं खोबरं खाली ठेवलं.
खरं सांगितलं तर तिकिटं सुरू होतील. खरं सांगितलं तर आप्पा येणार नाहीत. खरं नाही सांगितलं तर तंबू या आठवड्यातच बसतो.
ठरलं. उद्या सकाळी सरळ शेठपुढे उभं राहायचं.

गुरुवार, १५ फेब्रुवारी.
सकाळी सरळ शेठकडेच निघालो होतो. वाटेत एक दरवेशी अस्वल घेऊन आला होता. अस्वलाच्या नाकात वेसण, तरी ते नाचत होतं. बिचाऱ्याकडे बघून माझंच मन भरून आलं. दुपार झाली.
शेठ म्हणाले, "लिंबाजी, तुझ्यामुळं आप्पा बोलायलेत. मी हे विसरणार न्हाई." मला नवं धोतर दिलं.
घेतलं. नाही म्हटलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी.
धोतर नेसलो नाही. तेवढी तरी लाज ठेवली. आणि आज शेठकडे न जाता थेट दुकानात गेलो. म्हटलं, मोठ्या माणसाला सांगितलेलं बरं.
आप्पा गूळ फोडत होते. म्हणालो, आप्पा, तो नंदी नाही. विलायती वासरू आहे. माझ्या तोंडून निघून गेलं. शिक्षा मला करा, शेठना काही बोलू नका.
आप्पांनी गूळ फोडायचं थांबवलं नाही. म्हणाले, "मला कळत न्हाई होय रं? नंदीच्या डोक्यावर कधी टोपी बघितलीस?"
"मग तुमी नारळ घेऊन..."
"रिकाम्या हातानं पोराच्या तंबूत कसा शिरू? दोन वर्षं शिरलो न्हाई. लोकांनी विचारलं असतं, आप्पा, आज कसं काय? नारळ हातात असला की कुणी इचारत न्हाई."
मी म्हणालो, म्हणजे माझ्यामुळेच...
"तू एडक्यांची टक्कर बघत बसला होतास. गाव नागूबाईनं आणलं, दारोदार फिरून. तिलाही ठावं हाय सगळं. ओढ्यावर तुझ्या तोंडातनं हुरडा सांडायलता, असं म्हणली."
गुळाचा एक खडा हातावर ठेवला आणि म्हणाले, जा.
खडा खाल्ला. हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी.
काल संध्याकाळी तंबूच्या दारात चन्नप्पाआप्पा. डोक्याला फेटा, हातात तिकिटांचं बंडल. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "दर्शन झालं पाच दिवस, फुकट. आता शिनेमा हाय. पैका काढा." आप्पांच्या दुकानात उधारी न मागणारं एकही घर गावात नाही, त्यामुळे कुणी हुज्जत घातली नाही. आणि मोठी माणसंही आली. आप्पाच दारात उभे, मग कुणाची लाज? माणिकराव मास्तर तर घरच्यांना घेऊन आले. साप्ताहिकात 'सहकुटुंब पाहावे' असं लिहून पाठवलंय, असं म्हणाले. पुढची खुर्ची मात्र त्यांनी मागितली नाही, आप्पांनी तिकीट बघूनच बसवलं.
शेठ मशीनशेजारी उभे राहून नुसते दाराकडे बघत होते.
पिक्चर समजावून सांगायला मी पडद्याकडे निघालो, तर तिथे नागूबाई उभ्या, सांगायला सुरुवातही केलेली. वासरू आईला हाक मारतं तिथे त्या अशी हाक मारतात की बायका डोळे पुसतात. शेठ माझ्याजवळ येऊन खाली बघत म्हणाले, "माय सांगते तेच लोकांना आवडायलंय, लिंबाजी. तू पब्लिसिटी बघ."
म्हणालो, मीही तेच सुचवणार होतो.
आज मुद्दाम प्रेक्षक म्हणून गेलो. आप्पांनी दारात हात आडवा धरला. "तिकीट?"
म्हणालो, आप्पा, मी लिंबाजी.
"तुला वळखलंय, म्हणूनच मागायलोय."
काढलं. भज्यांचे पैसे त्यात गेले, त्यामुळे शेवटपर्यंत बसावं लागलं. शेवटचं रीळ पाहिलं. वासरू कैलासाला जात नाही. त्याला आई सापडते. ती कुठेच गेलेली नसते, त्याच गोठ्यात असते. तेच सारखं दुसरीकडे भटकत असतं.
सगळे हसत बाहेर पडले. मी थोडा वेळ बसून राहिलो. आप्पा कनात सोडायला आले आणि म्हणाले, "उठ, खेळ संपला."
आई पिंगळीला आहे. तिला भेटून दोन वर्षं झाली. उद्या पहाटेच निघायचं. नवं धोतर नेसायचं.
उद्या नको. उद्या बाजारात परत ते अस्वल येणार आहे म्हणतात. परवा नक्की.