नाव लिहू नये

गोंदिया,
३ जुलै २००६

ती. शामकला आत्यास,
योगेश्वरीचा पायांवर डोके ठेवून नमस्कार.

तुझी कंबर कशी आहे? भाताच्या रोवणीत तुला वाकू देणार नाही असं तुझ्या लेकानं, खुमेंद्रनं, मला वचन दिलंय, पण तो तुला किती घाबरतो ते मला ठाऊक आहे. तुझा फोन अजून मुकाच दिसतो. भाची टेलिफोनच्या कंपनीत आणि आत्याशी बोलणं टपालानं, हे ऐकून आमचे ईश्वरदास साहेबसुद्धा हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

ऑफिस तसंच आहे. खुर्च्या अकरा, माणसं तीन: साहेब, मेकॅनिक चैतरामकाका आणि मी. राइस मिलांमध्ये, लॉजांमध्ये आमच्या कंपनीचे इंटरकॉम होते. आता मुनिमाच्याही खिशात मोबाइल आहे. तरी नियमाप्रमाणे रोज सकाळी मी सगळ्या टेबलांना घंटी देऊन बघते. आठ रिकाम्या टेबलांवर फोन वाजतात आणि मी वहीत ‘ठीक’ लिहिते. कधी वाटतं, एखादा कोणी उचलावा.

आता खरी गोष्ट. नागपूरच्या हेड ऑफिसमधून छापील पत्रकं आली. कंपनीविषयी काय वाटतं ते मोकळेपणानं लिहा, खाली नाव लिहू नये. चैतरामकाकांना लिहिणं जड जातं, म्हणून ते सांगत गेले आणि मी जसंच्या तसं उतरवलं. सुरुवातच अशी: “कंपनी मरून राह्यली, अन् साहेब लोक आमाले सांगतेत का निजली हाये.” पुढे बावीस वर्षांचं बरंच काही. मग माझं पत्रक भरलं आणि खाली पूर्ण नाव लिहून टाकलं. लहानपणी मला सारखा ताप यायचा म्हणून सात वर्षांची होईपर्यंत तू घरीच शिकवलंस, तेव्हा नाव नसलेली पाटी तू तपासत नव्हतीस. हात सवयीनं वळला असं म्हणणार होते, पण तसं नाही. छापलेली सूचना वाचली होती. बिननावाचं लिहिताना काही चोरल्यासारखं वाटलं.

पाकीट रजिस्टरनं गेल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. दोन्ही पत्रकांवर एकच अक्षर, एकाच पेनचं. एकाखाली माझं नाव. दुसरं कोणाचं, असं नागपूरवाले विचारणारच. माझं म्हटलं तर खोटं. काकांचं म्हटलं तर निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या माणसाची नोकरी माझ्या हातानं जाईल. त्यांना मी काहीच सांगितलेलं नाही. घरमालकीण सुशीलाबाई ताटात उरलेला भात बघून रोज टोकतात. काय करू, आत्या?

चुकले असले तरी माया आटू देऊ नकोस.
तुझी,
योगेश्वरी शालीकराम रहांगडाले


चिचगड,
१० जुलै २००६

चि. योगेश्वरीस आत्याचे पोटभर आशीर्वाद.

कंबर जागेवर आहे. बांधीच्या चिखलात उतरत नाही, शेताकडेच्या धुऱ्यावर बसून रोवणाऱ्या बायांवर ओरडते. आत्याला पत्र लिहितानाही बापाचं नाव लावतेस. मी विसरेन असं वाटलं काऊन? तो माझा भाऊच आहे ना.

पाटीचं म्हणशील तर ऐक. घरातली तुम्ही चार पोरं पाट्या बदलून एकमेकांचे पाढे मला दाखवायची, म्हणून तो नेम काढला होता. त्यात एवढंच होतं. बाकीची तिघं विसरली, तू त्याचा धर्म करून बसलीस.

नागपूरची चिंता मागून कर. आधी त्या माणसाला सांग. बोलणं त्याचं आहे, त्याचं काय करायचं ते तो बघेल, तू ठरवणारी कोण? परक्याकडून कळण्याआधी तुझ्या तोंडून कळू दे. आणि जेव. उपाशी राहून चूक बारीक होत नाही.

तुझी वाट बघणारी,
आत्या


गोंदिया,
५ ऑगस्ट २००६

ती. आत्यास योगेश्वरीचा नमस्कार.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काकांना सांगितलं. ते रागावले नाहीत, त्यानं जास्त लागलं. दोन्ही पत्रकं माझीच असं सांगते, म्हटलं. ते म्हणाले, “बोलनं माहं, अन् नाव तुहं? असं नाई होत, पोरी.”

कोरा कागद मागितला. तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत एका रिकाम्या टेबलावर बसून त्यांनी सगळं स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं. खाली नाव, गाव, तारीख. त्या टेबलापाशी कोणीतरी बसलेलं दिसायचं, मला तेवढ्यानंही बरं वाटायचं. तो कागदही मी रजिस्टरनं पाठवला.

परवा दोन्ही पाकिटं सोबतच परत आली. न उघडलेली. वर पोस्टाचा शेरा, पत्ता सोडून गेले. साहेबांनी चौकशी केली, तर मतं मागवणाऱ्या विभागाचं ते वेगळं ऑफिस मे महिन्यातच बंद झालेलं. पत्रकं आधीची छापून पडली होती, म्हणून हेड ऑफिसनं वाटून टाकली.

म्हणजे आता कोणाच्याच नोकरीला माझ्यामुळे धोका नाही. मी सुटले म्हणायला हवं. पण काका पाकीट उलटसुलट करून बघत राहिले. कोणी वाचलंच नाही म्हणजे, एवढंच बोलले आणि हत्यारांची पेटी घेऊन एका मिलमध्ये निघून गेले. तिथून काही तक्रार आलेली नव्हती.

त्यांना विचारूनच त्यांचा कागद सोबत पाठवते. तू वाच.

लोभ आहेच, तो तसाच असू दे.
तुझी,
योगेश्वरी
(या वेळी एवढंच.)


चिचगड,
१४ ऑगस्ट २००६

श्री. चैतरामजी यांस,
योगेश्वरीच्या आत्याचा रामराम.

तुमचा कागद वाचला. ओळी उताराला लागल्या आहेत, पण अक्षर लागतं. आमगावच्या मिलच्या इंटरकॉमचा बोर्ड भिजू नये म्हणून तो डोक्यावर घेऊन तुम्ही छातीभर पाण्यातून नाला ओलांडलात, तिथे मी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. कंपनीला हे माहीत नसेल. मला आता माहीत आहे. कागद जपून ठेवला आहे, परत मागू नका.

एक तक्रार आहे. माझा फोन आठ महिने मुका आहे. तो तुमच्या कंपनीचा नाही, तरी भाचीच्या वहीत लिहून घ्यायला सांगा आणि रोवणी आटोपली की दोघंही या. दुरुस्त झाला की रोज सकाळची पहिली घंटी तिनं इकडे द्यावी. मी उचलेन.

ओळख ठेवावी.
शामकला बिसेन, चिचगड