बाबांचा पेचकस

आमगाव, १४ नोव्हेंबर

चि. सौ. चेतना हीस, आईचे भरभरून आशीर्वाद.

बाळ कसं आहे? आपल्या आजोबांसारख्या कपाळाला आठ्या घालतो म्हणे, वाचून हसू आलं.

आमचं काय सांगू? धानकटाई सुरू झाली, भुसा उडून राहिला अन् यांचा दमा उसळला. त्यात वाफेच्या मशीनचा प्लग जळाला. नवा आणून ठेवला, पण यांचे हात कापतात, स्क्रू बसत नाही. टेकचंद मिस्त्रीले बोलावते म्हटलं तर ओरडले, गावभराच्या मोटारी मी दुरुस्त केल्या, माझ्या घरात दुसऱ्याचा पेचकस कायले पाहिजे! आता वायरची उघडी टोकं काडेपेटीच्या काड्या खोचून बोर्डात घालतात. वाफ संपेपर्यंत माझा जीव टांगणीला. फोनवर मले ऐकू येत नाही अन् तू बाळंतीण, सव्वा महिना घराबाहेर निघणार नाहीस. काय करू बाई?

काळजी करू नको, असं तरी कसं लिहू.

तुझी आई, पुष्पा

दुर्ग, १८ नोव्हेंबर

ती. आईस, चेतनाचा शि. सा. न.

बाबांना फोन केला. सगळं बरोबर आहे म्हणाले, मधेच खोकला आला तसा ठेवून दिला. मी बाळाला घेऊन रडत बसले, सासूबाई रागावल्या. लहानपणी टॉर्च धरून त्यांच्याजवळ मीच उभी राहायची, अन् आता मले उंबरठा ओलांडता येत नाही!

आई, आता तूच कर. मशीन बोर्डापासून पार दूर घे. वायरची काळी पडलेली टोकं कापून टाक. दोन्ही वायरींचं प्लास्टिक सोल, तांबं पिळून नव्या प्लगच्या स्क्रूखाली घाल, घट्ट आवळ. बाबांना म्हणावं, खाटेवर बसून सांगा. तोंड तर चालतं ना त्यांचं!

जीव तिकडेच लागला आहे. दोन ओळी लगेच टाक.

तुझी चेतना

आमगाव, २३ नोव्हेंबर

चि. सौ. चेतना हीस, दोघांचेही आशीर्वाद.

तुझी चिठ्ठी यांना वाचून दाखवली. जेवण झाल्यावर आपला लाल मुठीचा पेचकस माझ्या हातात दिला अन् भिंतीकडे तोंड करून बसले. केलं मी कसंबसं. मशीन चालेना. मग वळले, प्लग उघडायला लावला, म्हणाले, अवं, स्क्रूखाली प्लास्टिकच दाबलं तू! हसता हसता खोकत राहिले. पुन्हा सोललं, तांबं घातलं. मशीनचा आवाज मले आला नाही, पण वाफ दिसली.

तू खूश होशील. पण तेव्हापासून यांनी मले शिकवणंच लावलं आहे. फ्यूजची तार कशी बांधायची, विहिरीवरची मोटार कशी चालू करायची, कूलरचा पंप कसा उघडायचा. काऊन एवढी घाई, विचारलं, तर म्हणाले, शिकून ठेव, पुढं कामी पडेल.

मले सगळं पहिल्याच वेळी समजते, चेतना. पण मी मुद्दाम चुकवते. काल फ्यूजची तार ढिली सोडली. चिडले, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले. मी म्हटलं, माझ्यानं काही होत नाही, उद्या परत सांगा.

हे त्यांना कळू देऊ नको. बाळाला पापी.

तुझी आई, पुष्पा