हार गाडीला आहे

ती. अण्णांना चाकणहून धनेशचा नमस्कार.

तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितोय. मी मजेत आहे. डबा वेळेवर येतो.

साहेबांनी हौसेनं विलायतेतून आणलेली शर्यतीची गाडी आम्ही दुरुस्त करतोय. ती बनली तेव्हा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा ओढून कोंबणारा पंखा, नवीन होता. हिनं उभ्या आयुष्यात एकही शर्यत पुरी केली नाही. पेडल दाबलं की आधी काहीच होत नाही, मग एकदम लाथ बसते. एसटीच्या डेपोत तुम्ही हिला सरळ भंगारात घातली असती.

सीट इतकी अरुंद की त्यात मीच तेवढा मावतो. बाहेरून कुणी स्टिअरिंग काढून पट्टे सोडल्याशिवाय निघता येत नाही.

खंडेनवमीला गाडीची पूजा केली. पूजेतल्या यंत्राला त्या दिवशी हात लावू नये, पण साहेबांना व्हिडिओ हवा होता. मला आत बसवून हारासकट चालू करायला लावली. टर्बोनं झेंडू आत ओढला आणि धूर झाला. सगळे इंजिनाकडं धावले. मी आतून हाका मारत होतो. मला काही लागलं नाही.

आता गाडी चालू होईपर्यंत कुणाला सुट्टी नाही. माझं आयटीआयचं मूळ सर्टिफिकेट साहेबांकडं आहे, म्हणून वाद घालत नाही. दिवाळीत वाट बघू नका. आईचा गुडघा कसा आहे?

सोबत पूजेचा फोटो आहे. त्यात माझं फक्त डोकं दिसतं आणि पुढं हार. आईच्या हातात देण्याआधी तिला सांगा, हार गाडीला आहे.

तुमचा,
धनेश